हातभर जागा आणि एक पट्टा

मोटारीत मागच्या सीटवर बसून बेल्टचं बकल शोधायचा उद्योग कधी केलाय? सीटच्या फटीत बोटं खुपसायची. हाताला एखादं नाणं लागतं, पेनाचं टोपण लागतं, केसांची पिन लागते; बकल काही लागत नाही. दोनदा खटपट करून मी कित्येकदा नाद सोडून दिलेला आहे. "जाऊ दे, मागे तर बसलोय, आणि जायचंय तरी कितीसं लांब!" हे वाक्य वर्षानुवर्षं माझ्या तोंडात होतं. कुणी दटावलं म्हणून ते सुटलं नाही. शाळेतलं एक साधं गणित निवांत बसून सोडवलं, तेव्हा सुटलं. तेच गणित इथे मांडतो. थोडी आकडेमोड आहे, पण घाबरण्यासारखी नाही.

गाडी थांबते, आपण नाही

ताशी ५० किलोमीटर हा काही फार वेग वाटत नाही. सेकंदाच्या हिशेबात मांडला तर तो होतो जवळजवळ १४ मीटर. पापणी लवेपर्यंत गाडी दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. आतला माणूस स्वस्थ बसलेला दिसतो खरा, पण तोही त्याच वेगाने चाललेला असतो. गाडी भिंतीवर आदळली की थांबते ती गाडी. माणसाला अजून कुणीच थांबवलेलं नसतं. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे तो होता त्याच वेगाने पुढे जात राहतो, काहीतरी आडवं येईपर्यंत. आडवं येतं ते स्टिअरिंग, डॅशबोर्ड नाहीतर समोरची काच.

हा वेग उंचीतही सांगता येतो. सुमारे १० मीटर उंचीवरून पडलं तर जमिनीवर आदळताना वेग साधारण ताशी ५० किलोमीटरच भरतो. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडणं. ताशी १०० ला ही उंची दुप्पट न होता चौपट होते, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ४० मीटर, बारा-तेरा मजले. तिसऱ्या मजल्यावर कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेला पाय सोडून बसा म्हटलं तर पोटात गोळा येतो. गाडीत तोच वेग गाण्याच्या तालावर मान डोलवत जातो, कारण तो अंगाला जाणवत नाही.

पण उंचावरून पडलेली सगळीच माणसं मरत नाहीत. अमेरिकेतल्या ह्यू डीहेवन यांनी १९४२ मध्ये नेमका याचाच अभ्यास प्रसिद्ध केला: ५० ते १५० फुटांवरून पडूनही जगलेली माणसं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, विमान चालवायला शिकत असताना, ते स्वतः एका अपघातातून वाचले होते, आणि आपण का वाचलो या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांना आढळलं ते असं: माणूस किती उंचीवरून पडला, एवढ्यावर निकाल ठरत नाही. थांबताना त्याला किती जागा मिळाली आणि मार शरीराच्या किती भागावर पसरला, हेही तितकंच मोलाचं. भुसभुशीत मातीत पडलेला माणूस काही इंच आत रुततो. ते काही इंच त्याचा जीव वाचवतात.

झेल घेताना आपण हेच करतो. चेंडू हातात आला की हात थोडे मागे नेतो. हात ताठ ठेवले तर तळवे झणझणतात. चेंडूचा वेग तोच असतो, त्याला थांबायला मिळालेली जागा तेवढी बदलते.

आता हे गाडीला लावू. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळण्यासाठी बनवलेलं असतं. ताशी ५० च्या टक्करीत ते चेपलं जातं, बेल्टही थोडा ताणला जातो, आणि आतल्या माणसाला थांबायला सगळी मिळून समजा ६० सेंटिमीटर जागा मिळते. हातभर किंवा थोडी जास्त. एवढ्या जागेत थांबायचं तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. ७० किलोच्या माणसाला हा जोर अकराशे किलोंच्या वर जातो, म्हणजे एका छोट्या मोटारीच्या वजनाएवढा. ऐकायला भयंकर, पण तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरताही नसतो, आणि शरीराच्या मजबूत भागांवर पसरला तर माणूस तो सोसतो.

बेल्ट नसेल तर? तेव्हा माणूस डॅशबोर्डवर जाऊन आदळतो आणि पाच-सहा सेंटिमीटरांत थांबतो. जागा दहा पटींनी आटली, जोर दहा पटींनी वाढला. वजनाच्या १६० पट, तोही पसरलेला नाही: कपाळावर, गुडघ्यावर, छातीच्या मधोमध.

यातली एक गोष्ट मला कळली तेव्हा मी चाट पडलो. टक्कर सुरू झाल्यापासून गाडी थांबेपर्यंत जेमतेम ९ शतांश सेकंद लागतात. बेल्ट न लावलेला माणूस या वेळात मोकळाच पुढे सरकत असतो. त्याची छाती स्टिअरिंगपर्यंत पोचते तोवर गाडी जवळजवळ थांबलेली असते. म्हणजे बॉनेटने स्वतः चुरगळून जी जागा कमावली, तिच्यातला फारसा वाटा त्याच्या पदरात पडत नाही. बेल्ट माणसाला सुरुवातीपासूनच गाडीशी बांधून ठेवतो आणि तो वाटा मिळवून देतो. नुसतं 'पकडून ठेवणं' असं आपण समजतो त्यापेक्षा हे काम बरंच हुशारीचं आहे.

टक्कर खरं तर तीनदा होते. आधी गाडीची भिंतीशी, मग शरीराची गाडीशी, आणि शेवटी आतल्या अवयवांची शरीराशी. कवटी थांबते पण मेंदू आत पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. छाती थांबते पण हृदय पुढे झोकांडतं, आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जिथे पाठीच्या बाजूला घट्ट धरलेली असते त्या जागी फाटू शकते. बाहेरून खरचटलेलंही न दिसणारा माणूस काही मिनिटांत जातो, त्याचं एक कारण हे. ही तिसरी टक्कर कुणालाच टाळता येत नाही. ती किती हळू व्हावी, एवढंच बेल्टच्या हातात असतं.

पोटावर नको, हाडावर

विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट बनवणारा माणूस पुढे मोटारीतल्या माणसाला आत धरून ठेवण्याच्या कामाला लागला, हा इतिहासातला एक मजेशीर योगायोग. स्वीडनचे नील्स बोलिन आधी साब कंपनीत विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. १९५८ मध्ये ते व्होल्वोत आले, आणि १९५९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत त्यांचा तीन टोकांचा बेल्ट बसू लागला. आज जगभरच्या गाड्यांत जो आहे तो हाच. पेटंट व्होल्वोचं होतं, पण कंपनीने ते इतर उत्पादकांना खुलं ठेवलं.

त्याआधीही बेल्ट होते. बहुतेकदा नुसता कमरेचा पट्टा असे, बकल पोटाच्या मधोमध. टक्कर झाली की वरचं धड पुढे दुमडत असे आणि ते बकल पोटात घुसत असे. डीहेवन यांना त्या विमान अपघातात पोटात झालेल्या जखमाही अशाच सदोष पट्ट्याच्या बकलामुळे झाल्या, असं त्यांचं निदान होतं. नुसत्या कमरपट्ट्याने पोटातल्या आतड्यांना आणि कंबरेच्या मणक्यांना होणाऱ्या इजांचं एक वेगळं चित्रच डॉक्टरांना दिसू लागलं.

बोलिन यांनी दोन गोष्टी नेमक्या ओळखल्या. जोर घ्यायचा तो हाडांनी: खाली ओटीपोटाच्या हाडाने, वर गळपट्टीच्या हाडाने आणि बरगड्यांच्या पिंजऱ्याने. पोट मऊ असतं, त्याला वगळायचं. म्हणून बकल कमरेच्या बाजूला, आणि एकच सलग पट्टा खांद्यावरून तिरपा आणि मांडीवरून आडवा. दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते: हा पट्टा एका हाताने, एका झटक्यात लावता येतो. जे करायला दोन हात आणि चार बंद लागतात, ते वैमानिक करतो, कारण ती त्याची नोकरी असते. भाजी आणायला निघालेला माणूस ते करत नाही. त्या एका 'खट्' आवाजाने पट्टा सगळ्यांचा झाला.

चांगलं बांधलेलं शरीर किती सोसतं, हे जॉन पॉल स्टॅप या अमेरिकन हवाईदलातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. डिसेंबर १९५४ मध्ये ते रॉकेटने ढकललेल्या घसरगाडीवर बसले, ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि दीडेक सेकंदात थांबले. वजनाच्या ४६ पट जोर. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना, मग दृष्टी परत आली. हवाईदलाचे वैमानिक विमानापेक्षा मोटारीच्या अपघातांत जास्त दगावतात हे लक्षात आल्यावर, मोटारीत पट्टे असावेत म्हणून तेच पुढे धडपडत राहिले. नीट बांधलेला माणूस ४६ पट सोसून उठला, तर १६ पटींची एवढी भीती बाळगायला नको.

खांद्याजवळच्या खांबात बेल्ट गुंडाळणारं जे रीळ असतं, त्याच्याशी पुढच्या वेळी जरा खेळून बघा. पट्टा सावकाश ओढा, मुकाट येतो. हिसका द्या, जागच्या जागी अडतो. रीळ भर्रकन फिरलं की आतली कळ बाहेर फेकली जाऊन दातात अडकते. दुसरी सोयही असते: वाटीत ठेवलेली छोटी पोलादी गोळी किंवा लोलक. गाडीने जोरात ब्रेक मारला की गोळी वाटीच्या कडेला चढते आणि खटका अडवते. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. नव्या गाड्यांत याला एक छोटी दारूही जोडलेली असते, अक्षरशः स्फोटाची. टक्कर ओळखताच ती पेटते आणि अंगावरचा ढिला पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचते, तेही माणूस पुढे झुकायच्या आत. मग उलटं काम सुरू होतं: बरगड्यांवर जोर फार वाढू लागला तर रिळातला पोलादी दांडा पिळत जातो आणि पट्टा थोडा थोडा सैल सोडतो. म्हणजे झेल घेणाऱ्याने हात मागे नेले.

म्हणूनच पट्टा कसा लावलाय याने फरक पडतो. सैल असेल तर तेवढी जागा वाया गेली. खांद्याचा भाग काखेखालून घेतला तर जोर खालच्या, कमजोर बरगड्यांवर येतो. सीट मागे पाडून झोपलेला माणूस टक्करीत पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि मांडीवरचा पट्टा चढून पोटात रुततो. गरोदर बाईने पट्टा लावायचाच असतो, पण आडवा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घट्ट, आणि तिरपा भाग छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा कधीच नाही.

"मी बाळाला घट्ट धरीन"

आईबापांच्या तोंडचं हे वाक्य अगदी मनापासूनचं असतं, म्हणूनच जास्त घातक. बाळ १० किलोचं आहे. १६ पट म्हणजे १६० किलो. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं घाम गाळलेला पैलवानसुद्धा १६० किलोंचं वजन कुणी न सांगता अचानक हातावर टाकलं तर धरू शकेल का? इथे त्याच्या हातात सेकंदाचा दहावा हिस्साही नसतो. बाळ सुटतंच. मोठ्या माणसाने स्वतः बेल्ट लावला नसेल तर त्याहून वाईट: बाळ पुढे आणि मागून त्या माणसाचं सगळं वजन. एकाच बेल्टमध्ये दोघांना गुंडाळलं तरी तेच.

लहान मुलांना मोठ्यांचा पट्टा बसतही नाही. तो त्यांच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत (देशादेशांचे नियम थोडे वेगळे आहेत) मुलांना त्यांच्या मापाची सीट किंवा खाली उंचवटा लागतो. तान्ह्या बाळाची सीट मागच्या दिशेला तोंड करून लावतात, कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची. पाठीमागे आधार असला की मानेवरचा ताण सगळ्या पाठीवर वाटला जातो. मात्र अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर: ती बेल्टच्या जोडीला आहे, बदली नाही. उत्पादक तिला पूरक सुरक्षा यंत्रणा म्हणतात ते उगाच नाही. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड वेगाने फुगते. बेल्टने मागे धरलेल्या माणसाला ती उशी असते. बेल्ट न लावलेला माणूस तोवर पुढे येऊन तिच्या तोंडाशी पोचलेला असतो, आणि त्याला ती ठोसा असते.

एकाला न दिसणारा फायदा

इथपर्यंत हा भौतिकशास्त्राचा विषय होता. तो आरोग्यखात्याचा कधी झाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मरतात. ५ ते २९ या वयातल्या मुलां-तरुणांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण कुठला ताप नाही की कुठला जंतू नाही, तर रस्ता. मरत नाहीत पण जखमी होतात अशांची संख्या संघटना २ ते ५ कोटी धरते. यातल्या अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. एखाद्या नव्या आजाराने इतकी माणसं घेतली असती, तर रोज सकाळी आकडे जाहीर झाले असते.

याकडे आजारासारखं बघायला शिकवलं ते विल्यम हॅडन यांनी. ते डॉक्टर होते, साथरोगांचे अभ्यासक होते, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत रस्तासुरक्षेची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली तिचे पहिले प्रमुख होते. 'अपघात' हा शब्दच त्यांना खटकायचा, कारण त्यात दैवाचा वास येतो. त्यांचं म्हणणं साधं होतं. हिवतापात इजा करणारा परजीवी असतो आणि त्याला वाहून आणणारा डास. इथे इजा करते ती ऊर्जा, आणि तिला वाहून आणते गाडी. मग डासाच्या बाबतीत करतो तेच करा: पैदास रोखा, मच्छरदाणी लावा, आणि तरी चावलाच तर लवकर उपचार करा. म्हणजे टक्कर होण्याआधी काय करता येईल, होताना काय आणि झाल्यावर काय, आणि तेही माणूस, वाहन आणि रस्ता असं वेगवेगळं बघायचं. सीटबेल्ट ही यातली मच्छरदाणी. ती डास मारत नाही, टक्करही टाळत नाही. टक्कर झाल्यावर ऊर्जा आणि शरीर यांच्या मध्ये उभी राहते.

मच्छरदाणी किती चालते? पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका सीटबेल्टने जवळपास निम्म्यापर्यंत कमी होतो. गाडी उलटते तेव्हा तर फरक फारच मोठा, कारण बेल्ट नसलेला माणूस बाहेर फेकला जातो, आणि बाहेर फेकल्या गेलेल्यांचं मरण्याचं प्रमाण फार जास्त असतं.

धोका निम्मा झाला म्हणजे पुष्कळच झालं. तरी ज्याला विचारावं तो सांगतो, "इतकी वर्षं गाडी चालवतोय, बेल्टवाचून काही अडलं नाही." आणि तो खोटं बोलत नसतो. हे कोडं एका काल्पनिक हिशेबाने सोडवू. समजा, एखाद्या ठिकाणी मोटारीत बसणाऱ्या दर १० हजार माणसांमागे वर्षाला एक जण टक्करीत मरतो, आणि बेल्टने हा धोका बरोबर निम्मा होतो. म्हणजे एक जीव वाचायला २० हजार माणसांनी वर्षभर बेल्ट लावायला हवा. दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस: एक कोटी वीस लाख वेळा 'खट्'. यातला एकच 'खट्' जीव वाचवतो, बाकीचे सगळे फुकट गेल्यासारखे दिसतात. पण तिथे मोटारीत बसणारी माणसं एक कोटी असतील, तर वर्षाला ५०० माणसं वाचतात. एकाच्या नजरेतून बघा, फायदा शून्याला टेकलेला. एक कोटींच्या नजरेतून बघा, पाचशे घरं.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८१ मध्ये याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं: जो उपाय समाजाला भरपूर देतो तो एकेकट्याला फार थोडं देतो. लसीकरणाचं हेच आहे, आणि सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रोझ यांनी लसीच्या शेजारी सीटबेल्टलाही बसवलं. डॉक्टरने टाके घातले तर रोगी आभार मानतो. ज्याला टाके पडलेच नाहीत, तो कुणाचे आभार मानणार? त्याला माहीतच नसतं.

मृत्यूंपलीकडचा हिशेब तर आणखी अदृश्य. डोक्याला मार लागलेला एक माणूस अतिदक्षता विभागातली एक खाट आणि एक व्हेंटिलेटर आठवडेच्या आठवडे अडवतो. रक्तपेढीतलं रक्त जातं, रात्री शस्त्रक्रियागृह जागतं. त्याच रात्री पक्षाघाताचा झटका आलेल्या दुसऱ्या कुणाला ती खाट मिळत नाही. तो दुसरा कदाचित आयुष्यात मोटारीत बसलेला नसेल. मग घरी आलेल्या जखमीला कपडे घालणं, भरवणं. त्यासाठी घरातलं कुणीतरी नोकरी सोडतं, बहुतेकदा बाईच. ब्रिटनमध्ये १९८३ ला पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाल्यावर फरक जाणवलेल्यांत नेत्रशल्यविशारद होते. समोरच्या काचेवर तोंड आपटून फुटलेल्या डोळ्यांचे रुग्ण ठळकपणे कमी झाले. वाहतुकीच्या कायद्याने डोळे वाचले.

सक्ती कशाला?

समजावून सांगा, लोक ऐकतील, असं म्हणणारे नेहमी असतात. प्रयोग झालेला आहे. बोलिन यांचा बेल्ट १९५९ चा. तो गाड्यांत बसू लागला, जाहिराती झाल्या, आणि बहुसंख्य लोक त्यावर बसून प्रवास करत राहिले. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने बेल्ट लावणं कायद्याने बंधनकारक केलं, जगात पहिल्यांदा. मग एकेक देश त्या वाटेने गेला. ब्रिटनच्या संसदेत हा विषय वर्षानुवर्षं येऊन पडत राहिला. अमेरिकेने वेगळंच करून बघितलं: १९७४ च्या नव्या गाड्या बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होईनात. लोक इतके चिडले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने अशी सक्ती करायलाच बंदी घातली. राज्यांनी बेल्टचे कायदे करायला सुरुवात केली ती १९८४ मध्ये, न्यूयॉर्कपासून. न्यू हॅम्पशरमध्ये प्रौढांसाठी असा कायदा आजही नाही.

विरोधाचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. माझा जीव, माझी मर्जी, सरकार कोण? मला स्वतःला या मुद्द्याबद्दल सहानुभूती आहे, फक्त तो इथे लागू पडत नाही. जपानमधल्या टक्करींचा एक अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मागच्या सीटवर बेल्ट न लावलेली माणसं असतील, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाच पट होतो, असं त्यात दिसलं. कारण आपण वर मांडलेलंच गणित. मागचा ७० किलोचा माणूस ताशी ५० ने पुढच्या सीटच्या पाठीवर येतो, आणि पुढचा माणूस बेल्ट आणि ती सीट यांच्यात सापडतो. "मागे तर बसलोय" म्हणणारा मी तेव्हा पुढे गाडी चालवणाऱ्याच्या पाठीशी काय बसवून ठेवत होतो, हे कळल्यावर बरं वाटलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडलं, की सुरक्षित वाटू लागलं की माणूस गाडी बेदरकार चालवतो आणि मिळालेला फायदा तिथे घालवतो. कल्पना पटण्यासारखी आहे. पण पुढच्या अभ्यासांत बेल्टच्या बाबतीत असा परिणाम सापडला तरी तो किरकोळ निघाला. बेल्ट लावला म्हणून वळणावर वेग वाढवणारा माणूस मलाही अजून भेटायचा आहे.

"गाडीला आग लागली, पाण्यात पडली तर अडकून पडू" ही भीती खूप जणांना असते. अशा टक्करी मुळात थोड्या, आणि त्यातही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. डोकं काचेवर न आपटलेला माणूस बकल दाबू शकतो. "बेल्टमुळेच त्याची बरगडी मोडली" हे मात्र खरं असू शकतं. बेल्टने बरगड्या मोडतात, गळपट्टीचं हाड मोडतं, छातीवर तिरपा काळानिळा वळ उठतो. म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांना हा त्रास जास्त. बायकांनाही सारख्याच टक्करीत जास्त इजा होताना दिसतात, आणि चाचणीतले पुतळे बराच काळ पुरुषी बांधा डोळ्यांपुढे ठेवून बनत आले, हे दुखणं अजून पुरतं बरं झालेलं नाही. त्यावर उपाय चांगला बेल्ट आणि चांगली चाचणी. बेल्ट काढून टाकणं हा उपाय म्हणजे टोचतं म्हणून लस नको म्हणण्यापैकी.

एक हद्द सांगायलाच हवी. जगात रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं पायी चालणारी, सायकलवरची किंवा मोटरसायकलवरची असतात. त्यांना या पट्ट्याचा काही उपयोग नाही. त्यांची मच्छरदाणी म्हणजे हेल्मेट, पदपथ आणि आवरलेला वेग. बेल्टवर फार खूश होऊन ही बाजू विसरणारे देशही आहेत.

आणि बीप बंद व्हावी म्हणून बकलात खोचायची ती नुसती धातूची जीभ विकत मिळते, तिच्याबद्दल काय बोलावं! घरातला धुराचा गजर वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणाऱ्याची ती सख्खी बहीण आहे.

टक्करीनंतर तपासणी करणारे लोक गाडीतला बेल्ट पूर्ण बाहेर ओढून भिंगाखाली बघतात. पॉलिस्टरचा चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा हा विणलेला पट्टा खांद्याजवळच्या कडीतून जोराने घसरला असेल, तर घर्षणाच्या उष्णतेने त्याचे धागे त्या जागी वितळून चकचकीत झालेले असतात. कधी कडीवरच्या प्लॅस्टिकचा रंगही पट्ट्यावर उतरतो. बोट फिरवलं तर कडक लागतं. बेल्ट लावलेला होता की नव्हता, हे माणसाला न विचारता तिथे वाचता येतं. असा पट्टा पुन्हा वापरत नाहीत. त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात, रिळातला दांडा पिळलेला असतो, दारू जळून गेलेली असते. तो काढून टाकतात आणि त्या जागी नवा बसवतात.